मांगरात, म्हणजे बागेतल्या राखणदारांच्या खोलीत, एकाला टीबी निघालाय, बाकीच्या सात जणांना कसं जपायचं?

हापूसगाव | ९ डिसेंबर, रात्री १०.४०

देवगडपासून आत, सड्यावर आमची आंब्याची कलमं आहेत. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास नेपाळहून आठ जण राखणीला येतात आणि पहिला पाऊस पडला की परत जातात. त्यातले पाच जण गेली सहा-सात वर्षं आमच्याकडेच येतायत. माझा मुलगा त्यांच्या खांद्यावर बसून मोठा झाला. त्यांच्यात जे सगळ्यात वयस्कर आहेत त्यांना आम्ही घरातले सगळेच दाजू म्हणतो.

दाजू यंदा आले तेच खोकत. विचारलं तर म्हणाले, गाडीतली धूळ बसलीय. मग म्हणाले, फवारणीचा वास. मग थंडी. मी खोकल्याचं औषध आणून दिलं, एकदा नाही, तीनदा. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, जरा उतार पडला आणि पुन्हा सुरू. असा महिना गेला. गेल्या आठवड्यात मोहोर कुठवर आलाय ते बघत फिरत होते, तर दाजू एका कलमाखाली बसून खोकत होते. पाचोळ्यावर जे पडलं त्यात रक्त होतं. त्यांनी पायानं त्यावर माती ओढली. मी मागे उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेले. बेडक्याची तपासणी झाली, आज निकाल आला: फुप्फुसाचा टीबी. नेहमीच्या औषधांना दाद देणारा आहे, एवढं बरं. वजन ४६ किलो भरलं. रोज तीन गोळ्या, सहा महिने. उद्यापासून सुरू.

येताना गाडीत विचारलं, आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, "उचल घेतलीय ना, दिदी." पुढे काही बोलले नाहीत.

आता माझा प्रश्न. आठही जण एकाच मांगरात झोपतात. दहा बाय चौदाची खोली. एक दार, एक खिडकी, तीही खताच्या पोत्यांनी बुजलेली. बिबट्याच्या भीतीनं रात्री दार आतून बंद. चूल आतच. बाकीच्या सात जणांना कसं जपायचं? सासूबाई म्हणतात ताट-तांब्या वेगळा करा. शेजारचे बागायतदार म्हणतात गाडीत बसवून द्या. मला दाजूंना घालवायचं नाही, आणि बाकीच्यांच्या जिवाशी खेळायचंही नाही. कुणी यातून गेलं असेल तर सांगा. उद्या सकाळपासून काय करू?

आंबामोहोर | ९ डिसेंबर, रात्री ११.१५

ताई, तुमच्या भावना समजतात. पण सात जणांचं काय? उद्या त्यातल्या दोघांना झाला तर ऐन मोहोरात बाग कोण बघणार? पूर्ण पगार द्या, तिकीट काढून द्या, पण गावी पाठवा. तिकडे बायको-मुलं आहेत, नीट बघतील. यात निर्दयपणा नाही.

खाडीकाठचे_काका | १० डिसेंबर, सकाळी ६.५०

ताई, मी क्षयरोग कार्यक्रमात औषधोपचार पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. मोटारसायकलवरून वाड्यावाड्या फिरलो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी आंबामोहोर यांना. गावी पाठवायचं म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. कोकण रेल्वेनं मुंबई, तिथून गोरखपूर, पुढे बस. दोन-तीन दिवस गच्च भरलेल्या डब्यात, खोकत. औषध अजून सुरूसुद्धा नाही. सर्वात जास्त संसर्ग पसरवायची वेळ हीच, आणि घरी पोचल्यावर पोरंबाळं त्याच हवेत. वाटेत गोळ्या चुकल्या की जंतू औषधाला सरावतो, मग सहा महिन्यांत बरा होणारा रोग हाताबाहेर जातो. आणि ज्या सात जणांच्या काळजीनं त्यांना पाठवायचं, ते महिनाभर त्याच खोलीत झोपलेच आहेत. जे व्हायचं ते बरंचसं होऊन गेलंय. दाजूंना घालवून त्या सात जणांना काहीच मिळत नाही.

आता ताई, तुमच्यासाठी. हा रोग हवेतून पसरतो. खोकताना, जोरात बोलताना अगदी बारीक थेंब उडतात, ते सुकून हवेत तासन्‌तास तरंगतात, आणि बंद खोलीत दुसऱ्याच्या श्वासात जातात. ताट, तांब्या, पांघरूण यांतून पसरत नाही. सासूबाईंना नमस्कार सांगा आणि हे समजावून सांगा, कारण ताट वेगळं केलं की माणूस पहिल्यांदा जेवण कमी करतो. टीबीच्या माणसानं नेमकं तेच करायचं नसतं.

औषध नीट सुरू झालं की संसर्ग झपाट्यानं कमी होतो. साधारण पहिले दोन आठवडे जपायचे. तेवढे दिवस दाजूंची झोपण्याची जागा वेगळी करा. पडवी असेल तर पडवी, माचाण असेल तर माचाण. दिवसा बागेत, उघड्यावर, बाकीच्यांबरोबर असायला हरकत नाही. आत यायचं झालं तर तोंडावर साधा सर्जिकल मास्क त्यांनी लावायचा. लोक इथं उलटं करतात, स्वतः साधा मास्क लावतात आणि रुग्णाला मोकळा सोडतात. साधा मास्क बाहेर जाणारे थेंब अडवतो, बाहेरच्या हवेतले बारीक कण आत यायचे थांबवत नाही. त्यासाठी एन-९५ लागतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसलेला. थुंकायला झाकणाचा डबा द्या, रोज जाळा किंवा खोल पुरा.

सात जणांबद्दल. रुग्णाचं औषध सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत जो त्याच्याबरोबर एका छपराखाली एक रात्र जरी झोपला, तो आमच्या हिशेबात घरचाच माणूस. रक्ताचं नातं बघत नाहीत. म्हणून सातही जणांची तपासणी करून घ्या: खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, आणि छातीचा एक्स-रे. ज्यांना रोग नाही त्यांना प्रतिबंधक औषध मिळू शकतं. एक प्रकार आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. दुसरा रोज, सहा महिने. कुठलं ते डॉक्टर ठरवतील. हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट आहे, नेपाळच्या माणसालासुद्धा. हेल्पलाइन १८००-११-६६६६, पैसे पडत नाहीत.

आणि एक. बाकीच्यांना सांगण्याआधी दाजूंना विचारा. आजार त्यांचा आहे.

हापूसगाव | १० डिसेंबर, दुपारी १.३०

काका, डोळ्यांत पाणी आलं वाचून. दाजूंना विचारलं. म्हणाले, मीच सांगतो. सगळ्यांना चुलीपाशी बसवून त्यांनीच सांगितलं, त्यांच्या भाषेत. मला फक्त "टीबी" आणि "छ महिना" एवढंच कळलं. सगळ्यात धाकटा, एकवीस वर्षांचा, उठून बाहेर गेला आणि जेवायला आला नाही.

आज दाजूंची खाट पडवीत आलीय. यजमानांनी पडवीला तारेची जाळी मारली.

काजूबी | १० डिसेंबर, संध्याकाळी ७.०५

ताई, ह्या वाचून माका गप रवाक जमाक नाय. मी काजूच्या फॅक्टरीत सोलणीक होतंय. माका टीबी झाल्लो. सुपरवायझराक खरा सांगलंय तर दुसऱ्या दिवशी माझो पाट भायर, पत्र्याच्या शेडीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले कामाक येव नको. सहा म्हयने एक पैसो नाय. औषध घेतलंय, बरी झालंय. पण माझ्या बाजूक बसणारी बाई खोकत होती, तिना कोणाक सांगूक नाय. कित्या सांगतली? माझा काय झाला ता तिना डोळ्यांनी बघितलेला. तिका लय उशिरा कळला.

दाजूंका घालवू नकात. एकाक घालवलास तर बाकीचे खोकलो गिळतले.

खाडीकाठचे_काका | १० डिसेंबर, रात्री ८.२०

काजूबी, तुमचं शेवटचं वाक्य प्रत्येक फॅक्टरीच्या गेटवर लावावं असं आहे.

ज्यांच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात होते त्यांनी लक्षात ठेवा, टीबी हा ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. सलग दोन वर्षं नोकरी आणि पुरेशी वर्गणी भरलेली असेल तर पगाराच्या ८० टक्के दरानं, दोन वर्षांपर्यंत रजेचे पैसे मिळतात. हे कामगाराला कुणी सांगतच नाही. आणि निक्षय पोषण योजनेत, म्हणजे टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी योजनेत, उपचार चालू असेपर्यंत महिना १००० रुपये आहेत. आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. बँक खात्यात येतात, त्यामुळे खातं नसलेल्याचं अडतं. दाजूंचं तसं होईल, तर मालकानं अंडी-दूध-कडधान्याचा खर्च उचलावा. झारखंडमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या घरच्यांना चांगला आहार दिला, तर त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी खाली आलं. म्हणजे ताई, तो खर्च सातही जणांसाठी करा.

चिरा_कौल | ११ डिसेंबर, सकाळी ९.३०

मी बांधकामातला माणूस, औषधातलं कळत नाही. पण मांगराचं वर्णन वाचून गप्प बसवेना.

खोलीतली हवा तासाला किती वेळा पूर्ण बदलते यावर सगळं आहे. बंद खोलीत तासाला २ वेळा बदलत असेल, तर हवेत तरंगणारं ९९ टक्के बाहेर जायला १३८ मिनिटं लागतात. ६ वेळा बदलली तर ४६ मिनिटं. १२ वेळा, तर २३ मिनिटं. तेही खोकणारा माणूस खोलीतून उठून गेला असं धरून. तुमच्या मांगरात पोती लावलेली खिडकी आणि बंद दार, तिथं २ वेळासुद्धा बदलत नसेल.

पोती आजच हलवा. खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीत, छपराच्या जवळ, चिरे काढून झरोका पाडा. एक आड एक चिरा सोडून जाळी करता येते, जुन्या गोठ्यांना असायची तशी. बिबट्यासाठी बाहेरून जाड वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली तारेची जाळी, ठोका, डासांसाठी आतून बारीक जाळी. मग रात्री दार बंद ठेवलंत तरी हवा खेळेल. वीज असेल तर टेबलफॅन खिडकीत ठेवा, तोंड बाहेरच्या बाजूला. हवा आत फिरवू नका, बाहेर ढकला. चूल बाहेर काढा, धुरानं फुप्फुसं आधीच कमजोर होतात.

आणि उदबत्ती लावून बघा. धूर खोलीत घुटमळला तर काम झालेलं नाही. एका बाजूनं निघून जाताना दिसला तर झालं.

करोनात आपण सगळ्यांनी दारांच्या कड्या पुसल्या आणि खिडक्या लावून घेतल्या. आमच्या साइटवरही तेच केलं. ते आजही मनाला लागतं.

हर्णैबंदर | ११ डिसेंबर, रात्री ९.४५

आमची मासेमारीची पर्ससीन बोट आहे. तीसेक खलाशी असतात. तीन वर्षांपूर्वी एका खलाशाला टीबी निघाला, तेव्हा जे चुकलं ते सांगतो, म्हणजे ताई तुमचं चुकणार नाही.

गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्याची लघवी नारिंगी झाली. त्याला वाटलं रक्त जातंय. आधी कुणी सांगितलं नव्हतं. घाबरून त्यानं गोळ्या समुद्रात टाकल्या आणि कुणाला बोलला नाही. दीड महिना आम्हाला वाटत होतं तो औषध घेतोय. रिफाम्पिसिन नावाच्या औषधानं तसं होतंच आणि त्यात काही वाईट नाही, हे मला नंतर सिस्टरनी सांगितलं. पहिल्याच दिवशी दाजूंना सांगा.

दुसरं, दारू. बोटीवर थंडी-वाऱ्यात घेतात लोक. या गोळ्यांबरोबर यकृताला मार बसतो. डोळे पिवळे दिसले, उलट्या लागल्या, जेवण जाईना, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना. प्रतिबंधक औषध घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

त्या खलाशाचं पुढे सगळं पहिल्यापासून करावं लागलं. आता आमच्याकडे गोळ्यांचा डबा तांडेलाकडे, म्हणजे बोटीच्या प्रमुखाकडे असतो. जाळी मारायच्या आधी, सगळ्यांसमोर, चहाबरोबर. लाज वाटू नये म्हणून तांडेल आपली बीपीची गोळी त्याच वेळी घेतो. हे त्याचं त्यानंच सुरू केलं.

केबिनमध्ये मात्र अजून उपाय सापडलेला नाही. उघड्या हवेत सगळे डेकवर झोपतात, पण वारा सुटला की दहा-बारा जण त्या खुराड्यात. चिरा_कौल साहेब, तिथं काय करता येईल?

चिरा_कौल | १२ डिसेंबर, सकाळी ८.१०

बोटीचं मला नीट माहीत नाही, फोटो पाठवा. दोन समोरासमोरच्या झडपा असतील तर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची तरी कायम उघडी ठेवा. आणि झोपताना एकाचं डोकं इकडे, शेजारच्याचं तिकडे. तोंडातोंडातलं अंतर आपोआप माणसाच्या उंचीएवढं वाढतं.

सड्यावरून | १२ डिसेंबर, दुपारी ३.२०

कासार्ड्याच्या बाजूला सिलिका वाळूचं काम केलेल्यांनी, किंवा ज्यांची माणसं तिथं कामाला होती त्यांनी, खोकला अजिबात अंगावर काढू नये. ती धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त. दोन्हींचा खोकला सारखाच. माझ्या मामांना बरीच वर्षं "धुळीचा खोकला" म्हणून औषध दिलं. एक्स-रेबरोबर बेडका तपासा म्हणून आग्रह धरा. धूळ उडू नये म्हणून पाणी मारणं मालकाचं काम आहे, कामगाराच्या तोंडाला रुमाल बांधून ते होत नाही.

आंबामोहोर | १२ डिसेंबर, रात्री १०.०५

मी वर जे लिहिलं ते काजूबींनी लिहिलेलं वाचून मागे घेतो. आमच्याकडेही सहा जण आहेत. त्यांच्या खोलीत आज दोन वर्षांत पहिल्यांदा आत जाऊन बघितलं. बाहेरून सांगायचो नेहमी. खिडकीच नाहीय.

हापूसगाव | ४ जानेवारी, रात्री ९.१५

उशिरा लिहितेय, तुडतुड्यांनी हैराण केलंय.

सातही जणांचे एक्स-रे झाले. सगळे स्वच्छ! सहा जणांनी प्रतिबंधक औषध घ्यायचं कबूल केलं, दर रविवारी, बारा आठवडे. धाकटा नाही म्हणाला. मला काही झालेलं नाही तर गोळी कशाला, असं त्याचं म्हणणं. काका, जबरदस्ती करू का?

झरोका पाडला. उदबत्ती लावली तर धूर सरळ वर जाऊन जाळीतून बाहेर गेला, सगळे बघत उभे होते. रात्री गार लागतं म्हणून कांबळी दिली. चूल बाहेर, तिला पत्रा घातला. दाजूंचे दोन आठवडे कधीच संपले, पण ते पडवीतच राहिलेत. म्हणतात, इथून चांदणं दिसतं. वजन ४८.

आणि एक गोष्ट केली. सगळ्यांना सांगितलं की आजारपणाचा पगार कापला जाणार नाही, आणि उचलीचा हिशेब आजारपणात मागणार नाही. यजमान आधी तयार नव्हते. आमची रात्रभर बोलणी झाली, ती इथं लिहीत नाही. शेवटी त्यांनीच मांगरात जाऊन सांगितलं.

खाडीकाठचे_काका | ५ जानेवारी, सकाळी ६.३०

जबरदस्ती नको. प्रतिबंधक औषध मर्जीनंच घ्यायचं असतं. पण त्याला एवढं नक्की सांगा की दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, ताप आला, भूक गेली, तर त्याच दिवशी बोलायचं. पुढची दोन वर्षं त्यानं सावध राहायचं, कारण शिरकाव झालेला जंतू बहुधा याच काळात डोकं वर काढतो. आणि तुम्ही खोकल्याचं औषध आणून देऊ नका. मेडिकलमधून लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या तर मुळीच नको, त्यांनी टीबी थोडे दिवस दबतो आणि निदान लांबतं.

काजूबी | ५ जानेवारी, दुपारी १२.४०

पगार कापूचो नाय म्हणालात, ह्या आयकून लय बरा वाटला.

हापूसगाव | २८ मे, रात्री ८.५०

आंबा आटोपत आला. दाजूंच्या बेडक्याची तपासणी दोन महिन्यांनी निगेटिव्ह आली होती, आता वजन ५३. बारा दिवसांच्या गोळ्या राहिल्यात. ते ९ जूनपर्यंत थांबतायत. बाकीचे ३ तारखेला निघणार होते, पण त्यांनीही तिकिटं पुढे ढकलली. सगळे एकत्र जाऊ म्हणाले. कागद सगळे प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेत, तिकडच्या दवाखान्यात दाखवायला.

लिहायचं कारण वेगळं आहे. परवा हिशेब करत बसले होते. धाकटा आला, पुढच्या वर्षीची थोडी उचल मिळेल का म्हणाला, बहिणीचं लग्न आहे. मी हो म्हटलं. पैसे मोजत होते तर तो तिथंच उभा. मग म्हणाला, "दिदी, मला पण पंधरा दिवस खोकला आहे."

काल सकाळी रुग्णालयात नेलं. बेडका दिलाय, एक्स-रे उद्या आहे. आज रात्री तो आपणहून पडवीत झोपलाय, दाजूंच्या जुन्या जागेवर, आणि दाजू आत गेलेत.

खाडीकाठचे_काका | २८ मे, रात्री ९.२०

एक्स-रेला सकाळी लवकर जा, दुपारनंतर गर्दी होते. डिसेंबरची त्याची फिल्म घरी असेल तर बरोबर न्या, डॉक्टरांना शेजारी धरून बघता येईल. आणि त्याला रात्री एकटं वाटू देऊ नका, पडवीच्या बाहेर अंगणात कुणीतरी बसून बोला त्याच्याशी. उघड्यावर चालतं.

हापूसगाव | २८ मे, रात्री ९.३५

बसलेत काका. सगळेच बसलेत अंगणात. फिल्म मिळाली, कपाटावर होती.